सगळ्यांत लहान पेन्शनीचं माप

फराळाचे डबे तळाला लागले, तुळशीचं लग्न जवळ आलं, की वाईतल्या बँकेबाहेर सकाळी साडेनऊलाच माणसं जमू लागतात. शटर अजून अर्ध्यावर असतं. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, हातातल्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि घड्या पडून पडून फाटत आलेली पीपीओची, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरची, झेरॉक्स. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. राज्य शासनाच्या पेन्शनरांची यादी कोषागारातून बँकेत येते. त्या यादीत आपलं नाव शोधायचं आणि नावापुढं सही करायची. सही थरथरत असेल तर अंगठा. एवढं झालं की पेन्शन पुढं चालू राहते.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी तीन सकाळी या रांगेपाशी घालवल्या. आता फोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि पोस्टमन घरी येऊनही दाखला काढून देतो. तरीही माणसं रांगेत येतात. एका आजींना मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्षातनं एकदा सगळी भेटतात. कोण आलं, कोण नाही, ते इथंच कळतं." यादीत काही नावांपुढची जागा मोकळी राहते. ती पाहून कुणी काही बोलत नाही, पण पुढच्या माणसाचं पेन क्षणभर थांबतं.

याच रांगेत मला गुरुजी भेटले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून २००९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सही करून बाहेर येताच त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि एका ओळीवर बरोबरची खूण केली. ती ओळ होती, 'हयात - मी'. खाली आणखी ओळी होत्या : 'हयात - वहिनी', 'तात्यांचा दाखला', 'आबांच्या गोळ्या - पाच दिवसांच्या', 'आधार मूळ प्रत, झेरॉक्स चालत नाही'. मी विचारलं, हे काय? "सहलीची तयारी," ते म्हणाले. "आधी हयात, मग सहल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय."

त्या वहीमागं एक वर्षाची गोष्ट आहे. ती ऐकायला मी संध्याकाळी गणपती घाटावर गेलो.

घाटावरची चार खाती

ढोल्या गणपतीच्या देवळाजवळ, कृष्णेकडं तोंड करून, ही मंडळी रोज पाच वाजता बसतात. तिघे पुरुष नेहमीचे. गुरुजींच्या पत्नी आणि शेजारच्या वहिनी भजनी मंडळातून परतताना तिथं थांबतात. वयं सत्तरीच्या आसपास किंवा पुढं. प्रत्येकानं उमेदीची तीस-पस्तीस वर्षं काम केलेलं. पहिल्या तारखेला खात्यावर जमा होणारे आकडे मात्र एकाच देशातले वाटत नाहीत.

गुरुजींना महागाई भत्त्यासह पस्तीस हजारांच्या पुढं पेन्शन आहे. निवृत्त होताना त्यांनी पेन्शनीचा काही भाग विकला होता. कागदोपत्री त्याला अंशराशीकरण म्हणतात, पण बोलताना सगळे 'पेन्शन विकली' असंच म्हणतात. ती एकरकमी रक्कम घराच्या वरच्या मजल्याला लागली. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. गुरुजींची ती पंधरा वर्षं २०२४ मध्ये भरली आणि सहलीचा विषय त्यांनीच पहिल्यांदा काढला.

वहिनींचे यजमान पाटबंधारे खात्यात लिपिक होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते, कुटुंब निवृत्तिवेतन साधारण तीस टक्के. भत्ता धरून सतरा-अठरा हजार. त्या अजूनही 'ह्यांची पेन्शन' म्हणतात.

तात्या साखर कारखान्यात फिटर होते. पस्तीस हंगाम त्यांनी बॉयलर आणि टर्बाइनच्या धगीत काढले. २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यांची पेन्शन दोन हजार दोनशेच्या घरात.

आणि आबा. मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर होते. आता त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिना पंधराशे रुपये मिळतात.

पस्तीस हजार, सतरा हजार, बावीसशे, पंधराशे. हे आकडे त्यांनी मला स्वतःहून सांगितले, पण एकमेकांना सांगायला त्यांना कैक वर्षं लागली होती. घाटावर प्रकृती, सुना, पाऊस, राजकारण, सगळं निघायचं. पेन्शनीचा आकडा कुणी काढायचं नाही. सहलीमुळं तो निघाला.

काशीचा बेत

जानेवारी २०२४ मध्ये गुरुजींनी काशीचा बेत मांडला. काशी, प्रयाग, अयोध्या. यात्रा कंपनी, सोबत आचारी, सकाळी गरम पाणी, रात्री भाकरी-पिठलं. पूर्वी रेल्वेत साठ वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. तरीही गुरुजींना माणशी खर्च जमण्याजोगा वाटला. त्यांनी छापील पत्रक घाटावर आणून सगळ्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी पत्रक वाचलं, घडी करून परत केलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी गुरुजी त्यांच्या घरी गेले. तात्या म्हणाले, "गुडघा दुखतोय." गुरुजींनी गुडघ्याकडं पाहिलं, मग तात्यांच्या चेहऱ्याकडं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "तात्या, तुमचे पैसे मी भरतो," ते म्हणाले. तात्या उठून आत गेले.

हे मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळ्या दिवशी. गुरुजींनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चाळीस वर्षांची ओळख, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं." तात्यांनी फार थोडक्यात सांगितलं : "मित्राच्या पैशानं काशी केली असती, तर घाटावर परत त्याच्याशेजारी कसा बसलो असतो?"

तात्यांच्या बावीसशेमागचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण तो एकट्या तात्यांचा नाही. कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था, खासगी कंपन्या, आणि गावोगावी माणसं पोचवणारे एसटीचे कर्मचारीसुद्धा १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेल्या ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत येतात. मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या वाट्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण पूर्ण पगारावर नाही, ठरलेल्या मर्यादेवर. ती मर्यादा २०१४ च्या ऑगस्टपर्यंत साडेसहा हजार होती, नंतर पंधरा हजार झाली. पेन्शन काढताना या मर्यादेतल्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं. पंधरा हजारांच्या मर्यादेत अखंड पस्तीस वर्षं भरली तरी उत्तर साडेसात हजार येतं. तात्यांच्या वेळी मर्यादा साडेसहा हजार होती आणि योजनेतली वर्षं अठरा. त्याआधीच्या सतरा वर्षांबद्दल थोडी भर पडली. महागाई भत्ता नाही. निवृत्तीच्या महिन्यात जो आकडा ठरला, तोच आजही आहे. गॅसची टाकी, तूरडाळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तेव्हाच्या भावात राहिल्या नाहीत.

या योजनेत किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे. त्या वर्षी जन्मलेलं पोर २०२५ मध्ये सहावीत गेलं, आकडा तोच. किमान साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता, या मागणीसाठी बुलढाण्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर डिसेंबर २०१८ मध्ये पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केलं. नातवंडांना शाळेत सोडून मांडवात येऊन बसणारी ही माणसं आहेत. तात्यांचं वय आणि तब्येत त्यांना बुलढाण्यापर्यंत जाऊ देत नाही. ते बातमीचं कात्रण पासबुकात ठेवतात.

साल १९८२

आबांशी बोलताना एक साल पुन्हा पुन्हा येतं. १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबा तेव्हा चौतीस वर्षांचे. संप लांबत गेला, खोलीचं भाडं थकलं, बायकामुलांना त्यांनी एसटीत बसवून गावी धाडलं आणि पुढं तेही आले. धोम धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची थोडी जमीन होती. गिरणीच्या नोकरीतून फंडाचे थोडेफार पैसे मिळाले. महिन्याची पेन्शन असा प्रकार त्यांच्या वाट्याला आलाच नाही. ईपीएस यायला अजून तेरा वर्षं होती.

त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले. गुरुजींसारख्यांच्या पेन्शनीचा पाया याच नियमांत आहे. आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नाकरा खटल्याचा निकाल दिला. नाकरा हे केंद्र सरकारचे निवृत्त अधिकारी. ३१ मार्च १९७९ पासून निवृत्त होणाऱ्यांना वाढीव सूत्र लागू झालं, आधीच्यांना नाही, याविरुद्ध ते आणि एच. डी. शौरींची 'कॉमन कॉज' ही संस्था न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींच्या पीठात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते, पुण्याचे; निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. त्याचं सार असं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, दान नाही. ती आधी केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला मानानं जगता यावं यासाठी आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

एकाच वर्षात एका कामगाराचं म्हातारपण उघड्यावर पडलं, दुसऱ्याच्या म्हातारपणाला नियमांचं छप्पर मिळालं, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे छप्पर म्हणजे उपकार नव्हे. ते तत्त्व त्या दिवशी सरकारी नोकरांपुरतं लागू झालं. पण मागावर उभा राहिलेला माणूस, बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस आणि फळ्यापाशी उभा राहिलेला माणूस यांच्या म्हातारपणाच्या मानात फरक का असावा, याचं उत्तर मला कुठल्याही नियमात सापडलेलं नाही.

हा फरक आता गुरुजींच्या घरातही शिरला आहे. त्यांचा मुलगाही शिक्षक आहे. २००७ मध्ये लागला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून कापायचं, सरकारनं वाटा घालायचा आणि बाजारात वाढेल तेवढं मिळायचं. १४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्यात सात दिवसांचा संप झाला, त्यात तो होता. त्यानंतर राज्यानं शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी सुधारित योजना जाहीर केली. केंद्राची एकीकृत पेन्शन योजना १ एप्रिल २०२५ पासून आली. तिच्यात पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे. गुरुजी म्हणतात, "पोरगा अठ्ठावन्नचा होईपर्यंत काय राहील, ते मला सांगता येत नाही. म्हणून त्याला म्हणतो, तुझी शिल्लक तू ठेव, माझ्याकडं बघू नकोस. मीही तुझ्याकडं बघणार नाही."

बदलीवाल्याला झेपेल तेवढी

काशीचा बेत असा अडला आणि घाटावर दोन आठवडे कुणी सहलीचं नाव काढलं नाही. मग आबांनी काढलं. गिरणीत पर्मनंट कामगार आणि बदली कामगार असे दोन प्रकार असायचे. बदलीवाला रोज गेटवर जायचा, कुणी गैरहजर असला तर त्याला काम मिळायचं. "आमच्या खात्यात गणपतीची वर्गणी ठरायची, ती बदलीवाल्याला झेपंल तेवढी," आबा म्हणाले. "जास्तवाल्यानं जास्त द्यायची न्हाई. सगळ्यांची एकच. मंडप लहान व्हायचा, पण बदलीवाला मंडपात ताठ बसायचा."

त्या दिवशी पहिल्यांदा चौघांनी आपापले आकडे मोठ्यानं सांगितले. मग गुरुजींनी वही उघडली. माप ठरलं : तात्यांना महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकता येतील. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, दहा महिने, दोन हजार. तेवढ्यात बसेल ती सहल. आबांनीही तेवढेच टाकायचं कबूल केलं. थोडी भाजी ते बाजारात नेऊन विकतात.

दोन हजारांत रेल्वे नाही, यात्रा कंपनी नाही. पण एसटी आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट. आबा शहात्तर वर्षांचे, म्हणजे शून्य रुपये. बाकी चौघं निम्मी. कुठं जायचं, यावर फार वाद झाला नाही. वहिनींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. गणपतीपुळे ठरलं, जाता-येता पावस.

आबांनी जुलैत राज्य सरकारच्या तीर्थदर्शन योजनेचाही अर्ज भरला होता. साठीपुढच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना माणशी तीस हजारांपर्यंत खर्च करून यात्रा घडवणारी ही योजना २०२४ मध्ये आली. अशा योजनेनं कुणाचं आयुष्यभराचं देवदर्शन घडत असेल, तर ते मोलाचंच आहे. पण त्यात नाव लागायची वाट पाहावी लागते. तारीख दुसऱ्याची, सोबत दुसऱ्यानं निवडलेली. घाटावरच्या वहीत तारीख त्यांची होती, रस्ता त्यांचा होता, आणि कुणाच्या शेजारी कोण बसणार तेही त्यांनीच ठरवलं होतं.

पेन्शन कशासाठी असते, याचं उत्तर मला या वहीत मिळालं. औषध, किराणा आणि दिव्याचं बिल यासाठी ती असतेच. पण तेवढ्यासाठीच असेल, तर ते नुसतं तगून राहणं झालं. कुणालाही न विचारता, कुणाकडंही न बघता 'जाऊ या' म्हणता येणं, हा पेन्शनीचा खरा अर्थ आहे.

वहिनींची स्लिप

हे सगळ्यांत जास्त वहिनींच्या बाबतीत जाणवलं. यजमान असताना बँकेचं काम त्यांच्याकडं. पीपीओवर नवरा-बायकोचा एकत्र फोटो असतो. त्या म्हणतात, लग्नानंतर आमचा दोघांचा स्टुडिओतला फोटो तोच. ते गेल्यावर मृत्यूचा दाखला, अर्ज, नावातल्या एका अक्षराचा फरक, यात कित्येक महिने गेले. पेन्शन सुरू झाली तीही मुलाच्या हातून यायची. मुलगा चांगला आहे, पण प्रत्येक वेळी 'कशाला हवेत' असं विचारतो.

सहलीच्या आधी त्या एकट्या बँकेत गेल्या. पैसे काढायची स्लिप त्यांनी आयुष्यात प्रथम स्वतः भरली. आकडा अंकांत, मग अक्षरांत. 'दोन हजार फक्त' लिहिताना 'फक्त' का लिहायचं, असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "पुढं कुणी काही वाढवू नये म्हणून, काकू." घरी मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं, "डिसेंबरात मी पाच दिवस नाही."

गुरुजींच्या वहीतली काही पानं मी उतरवून घेतली, कारण ती कोणत्याही घरी कामाला येतील. हयातीचा दाखला दिल्याशिवाय लांबचा बेत करायचा नाही. पीपीओची प्रत घरातल्या दोघांना तरी ठाऊक असलेल्या जागी ठेवायची. वारसाचं नाव बँकेत आणि पोस्टात लागलंय का, हे स्वतः पाहायचं. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज तीन महिन्यांनी येतं, सहलीचा महिना त्याला जोडून धरायचा. गोळ्या निम्म्या पिशवीत, निम्म्या अंगावर. दाखल्यासाठी म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर फोन ठेवायचा. बँक किंवा कोषागार असा ओटीपी मागत नाही. शेवटची ओळ लाल शाईत आहे : 'कुणीही कुणाचे पैसे भरायचे नाहीत.'

पाच दिवस

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी पाचही जण वाई स्थानकावर सातच्या आत हजर होते. मी त्यांच्याबरोबर चिपळूणपर्यंत गेलो. सातारा, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. कंडक्टरनं आबांचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. आबांनी ते खिशात घडी करून ठेवलं, टाकलं नाही. तात्या खिडकीशी बसले होते. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली, तेव्हा ते इंजिनाचा आवाज ऐकत म्हणाले, "पंप बरा आहे हिचा." चिपळूणला उतरताना तेच सगळ्यांच्या पिशव्या मोजत होते.

पुढचं मला नंतर घाटावर कळलं. भक्तनिवासात दोन खोल्या मिळाल्या. गणपतीपुळ्याला देव डोंगराला लागून आहे, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालावी लागते. ती अर्ध्यावर आली तेव्हा आबांना धाप लागली, मग सगळेच कठड्यावर बसले. संध्याकाळी वहिनी पाण्यात उतरल्या. लाट पायाखालची वाळू ओढून नेते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या घाबरून गुरुजींच्या पत्नीच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

परतल्यावर गुरुजींनी हिशेब वाचून दाखवला. मुक्काम, जेवण, रिक्षा यांचे पाच सारखे भाग. तिकीट ज्याचं त्याचं. सगळं धरून तात्यांचे एक्क्याण्णव रुपये उरले. त्यांनी ते मोजून घेतले. गुरुजींना घ्या म्हणायची गरज पडली नाही, आणि राहू द्या म्हणायची तात्यांनाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाईतल्या बँकेबाहेर पुन्हा रांग लागायला आली असेल. तात्यांची पेन्शन तेवढीच आहे. ती वाढली पाहिजे. सरकारनं किमान पेन्शनीचा आकडा जगण्याच्या खर्चाला जोडलाच पाहिजे, कारण पस्तीस हंगाम राबलेल्या माणसाची उतारवयातली हौस मित्रांच्या समजूतदारपणावर सोडून देणं हा न्याय नव्हे. गुरुजी पंचाहत्तरीला लागलेत, थोड्याच दिवसांत त्यांचंही तिकीट शून्याचं होईल. वहिनींना या वेळी तुळजापूर हवंय, आबांना अक्कलकोट.

परवा मी घाटावर गेलो तेव्हा वही उघडी होती. नव्या पानावर पहिली ओळ होती, 'हयात', आणि तिच्यापुढं पाच रिकाम्या चौकटी. त्याखाली तात्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'जमा – एक्क्याण्णव रुपये.'